गंगा फोडली

“मग फोडायची का गंगा?” थोरल्या भाऊजींनी विचारलं.

विचारलं म्हणजे नावालाच. हातात हातोडी न् छिन्नी घेऊनच ते आत आले होते. आमचे हे आईच्या पायाशी खाली मान घालून बसलेले आणि मी उशाशी. अंथरुणावर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई चंद्राबाई. वय शहाऐंशी. तीन दिवस पोटात अन्नाचा कण नव्हता आणि त्या दिवशी पहाटेपासून त्यांनी एकच शब्द धरला होता.

“गंगा,” त्या म्हणायच्या. मग दहा-पंधरा श्वास नुसतेच जायचे. पुन्हा, “गंगा.”

“ऐकलंस?” भाऊजी यांना म्हणाले. “स्वतःच्या तोंडानं मागतीया. आता उशीर केला तर पाप आपल्याला लागंल.”

आमच्या देव्हाऱ्याखालच्या फळीवर तांब्याचा एक गडू असायचा. माझे आजेसासरे काशीला गेले तेव्हा भरून आणलेला, तोंड तिथंच डाग देऊन बंद केलेलं. घरात त्याला कुणी गडू म्हणत नसे, गंगाच म्हणायचं. सणासुदीला गंगेला हळदकुंकू, पोरं फळीजवळ खेळली तर “गंगेला पाय लागंल” म्हणून ओरडा. घरातलं माणूस जायला टेकलं की ती फोडायची आणि चमचाभर त्याच्या तोंडात घालायची. आजेसासरे झोपेत गेले आणि सासरे दुकानात बसल्याजागी, दोघांच्या वेळी फोडायला सवडच मिळाली नाही. म्हणून पंचावन्न वर्षं ती तशीच राहिली होती.

तीन घावांत डाग सुटला. भाऊजींचा भांड्यांच्या धंद्यातला हात, गडूला पोचा म्हणून आला नाही. पाणी निम्म्याच्या खाली गेलेलं, पण स्वच्छ होतं. भाऊजींनी चमच्यात घेतलं, वर तुळशीचं पान ठेवलं आणि आईच्या ओठांना लावलं.

आत्याबाईंनी ओठ मिटून घेतले. पाणी गालावरून उशीत गेलं. चमच्याच्या पलीकडं दाराकडं बघत त्या म्हणाल्या, “गंगा.”

“तृप्त झाली,” भाऊजी डोळे पुसत म्हणाले.

मला काही त्या तृप्त वाटल्या नाहीत. पण तिथं माझं मत कुणी विचारलं नव्हतं, आणि उशीचा अभ्रा बदलायचं काम माझंच होतं.

दुपारपर्यंत गल्लीत झालं, संध्याकाळपर्यंत निम्म्या करमाळ्यात. चंद्राबाई गंगेचं नाव घेत चालल्यात म्हणे. बायका नारळ-फुलं घेऊन यायला लागल्या. कुणी पायावर डोकं ठेवायचं, कुणी त्यांच्या अंथरुणाची कड कपाळाला लावायची. समोरच्या वाणीणकाकू तर माझ्या हातातला चमचा घेऊन दोन थेंब स्वतःच पिऊन बसल्या. “असं मरण यायला पुण्याई लागती बाई,” त्या म्हणाल्या. “आमच्या सासूबाई तर शेवटपर्यंत लोणच्याची बरणी कुठाय ते विचारत हुत्या.”

पुण्याई होतीच, ते मी नाकारत नाही. मी एकोणीस वर्षं त्या बाईच्या हाताखाली काढली. पहाटे ओलेत्यानं विहिरीवरून पाणी आणायच्या. देवाचा नैवेद्य वेगळ्या चुलीवर आणि चुलीजवळ दुसऱ्या कुणाची सावली पडायची नाही. चातुर्मासात एकभुक्त, श्रावणात मौन, आणि त्या मौनात नुसत्या डोळ्यांनी त्या घर हलवायच्या. बहात्तरच्या दुष्काळात मी नवी नवरी होते. तेव्हा आमच्या परसात रोज साठ-सत्तर माणसं जेवून जायची, आणि आत्याबाई सगळ्यांत शेवटी, उरलं तर खायच्या. हे मी डोळ्यांनी बघितलंय. ती बाई ढोंगी नव्हती. ढोंगी असती तर कुठंतरी सूट मिळाली असती, तिला आणि आम्हालाही.

आता दुसऱ्या गंगेचं सांगते.

आजेसासरे काशीहून आले त्याच महिन्यात आत्याबाईंना मुलगी झाली. काशीचं पाणी आणि लेक एकदमच घरात आली म्हणून नाव ठेवलं गंगा. ती भाऊजींच्या पाठची, आमच्या यांच्यापेक्षा मोठी, म्हणजे माझी वन्सं. तिचं लग्न झालं नि चोविसाव्या वर्षी कपाळ पुसून परत माहेरी आली. वर्षभर पांढरं लुगडं नेसून आईच्या मागं मागं राहिली. आणि मग एक दिवस कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधल्या एका फिटरबरोबर तिनं लग्न लावलं. तो बिजवर, जात वेगळी. आमच्यात विधवेचा पाट लागत नाही.

बातमी आली त्या दिवशी आत्याबाई परसात गेल्या. नेसल्या लुगड्यानिशी दगडावर बसल्या आणि डोक्यावरून गार पाण्याच्या दोन घागरी ओतून घेतल्या. जिवंत लेकीच्या नावानं आंघोळ केली. मग उठल्या, लुगडं पिळलं आणि नैवेद्याला लागल्या. हे मला थोरल्या जाऊबाईंनी सांगितलं. तेव्हापासून घरात गंगा म्हटलं की फळीवरची. तीस वर्षं. माझ्या मुलींना त्यांना आणखी एक आत्या आहे हेही ठाऊक नव्हतं.

मी वन्संना एकदाच बघितलं होतं, सासरे गेले तेव्हा. चपला हातात धरून रस्त्याच्या पलीकडं उभ्या होत्या. आत्याबाईंनी मला दार लावायला सांगितलं. मी लावलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर घर जरा निवांत झालं. भाऊजी बाहेर ओट्यावर माणसांत, जाऊबाई आडव्या झालेल्या. मी एकटीच आत्याबाईंजवळ होते. त्यांनी “गंगा” म्हटलं की मी चमचा लावायचा, त्यांनी तोंड फिरवायचं, मी पदरानं गाल पुसायचा. सकाळपासून हेच चाललं होतं. मी पुन्हा चमचा पुढं केला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. एवढ्याशा काटकीत एवढा जोर कुठून आला कोण जाणे. चमचा पडला.

“कुर्डुवाडीची,” त्या म्हणाल्या. शब्द अगदी स्वच्छ होता. “आली का?”

मी मान हलवली. नाही आली.

“बोलीव.”

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. मनगट मात्र सोडलं नाही. मीच एकेक बोट उचलून सोडवून घेतलं आणि बाहेर गेले.

“भाऊजी, जरा आत येता?”

ते आले. यांनाही मी खुणेनं बोलावलं. तिघं स्वयंपाकघरात उभे राहिलो.

“त्या पाणी मागत नाहीत,” मी म्हणाले. “वन्संना बोलवा म्हणतात.”

भाऊजींनी दार लोटून घेतलं. “कोण वन्सं?”

“गंगावन्सं. कुर्डुवाडीची म्हणाल्या. आली का, असं विचारलं. बोलीव म्हणाल्या.”

“ताप डोक्यात गेलाय तिच्या.”

“ताप नाही भाऊजी. अंग गार आहे.”

“मग तुला ऐकायला चुकीचं आलं.” त्यांनी आवाज खाली घेतला. “शालन, बाहेर बघ जरा. सकाळपासून माणसं पाया पडून चालल्यात. माउली गंगा गंगा करतीया म्हणून. त्यास्नी आता काय सांगू? न्हाई बाबा, पाट लावलेल्या पोरीचं नाव घेतीया म्हणून? आईनं सारा जन्म घालवून जे कमावलं, ते शेवटच्या दोन दिसांत मातीत घालू?”

“पण बोलावतात त्या त्याच ना...”

“तिनंच आंघोळ केलीया. मी केली का तू केलीस? तीस वर्षं तिनं शब्द मोडला न्हाई, आता तिला भान न्हाई म्हणून आपण मोडायचा? ह्या घरात गंगा एकच हाय.” ते यांच्याकडं वळले. “सदा, बरोबर का न्हाई?”

आमचे हे भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाले, “दादा म्हणतोय तर...”

यांचं सगळं आयुष्य त्या एका अर्ध्या वाक्यात गेलं. मला काही नवल वाटलं नाही.

भाऊजी ओट्यावर गेले. मी त्याच कॅलेंडरचं मागचं पान फाडलं आणि माझ्या मुलीच्या पेन्सिलीनं लिहिलं, ‘वन्सं, आत्याबाई तुम्हाला बोलावतात. फार वेळ नाही. असाल तशा या. शालन.’ घडी घालून ती पोलक्यात ठेवली आणि कापूस आणायचं निमित्त करून निघाले.

एस.टी. स्टँड आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. सव्वादोनची कुर्डुवाडी लागलेली होती. कंडक्टर घाडगे आमच्या दुकानातलं गिऱ्हाईक, चांगला ओळखीचा. मी चिठ्ठीचं सांगितलं.

“द्या की वैनी,” तो म्हणाला. “दीड तासाचा तर रस्ता. वर्कशॉपच्या फाटकावर नेऊन देतो. म्हातारीचं कळलंय आमाला. ह्याच गाडीनं परत यायचंय, बाईस्नी संगंच घिऊन येतो. सहाला हितं.”

असं सोपं होतं सगळं. सहाला वन्सं दारात आल्या असत्या. भाऊजींनी अडवलं असतं, आरडाओरडा झाला असता, पण आत्याबाईंच्या कानावर लेकीचा आवाज पडला असता. त्या दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत होत्या. मी पोलक्यातून चिठ्ठी काढली. घाडग्यानं हात पुढं केला.

आजवर हे मी दोन-तीन माणसांनाच सांगितलंय, आणि इथवर आले की दरवेळी म्हणत आले की मी भाऊजींना भ्याले. दोन मुली पदरात, घर त्यांच्या नावावर, नवरा असा. ऐकणारा लगेच समजून घेतो. बाईमाणूस काय करणार, म्हणतो. पण मी भाऊजींना भ्याले नव्हते. भ्याले असते तर स्टँडपर्यंत गेलेच नसते.

घाडग्यानं हात पुढं केला तेव्हा मला हरतालिका आठवली. पंधरा वर्षांपूर्वीची. मला तिसऱ्या खेपेचा सातवा महिना होता. आत्याबाई म्हणाल्या, उपास निर्जळी करायचा, आमच्यात पोटुशीलाही सूट नसते, मी पाचही पोटांत केलाय. मी केला. भाद्रपदातलं ऊन, घशाला कोरड, दुपारनंतर डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. मी सरपटत पाण्याच्या उतरंडीपाशी गेले. तिथं त्या जपमाळ घेऊन बसल्या होत्या.

“आत्याबाई, घोटभर द्या. पोट दुखतंय.”

“उद्या उजाडंस्तवर कळ काढ,” त्या म्हणाल्या. “व्रत मोडू नये. पोराच्या जिवावर येतं.”

मी पाया पडले त्यांच्या. खरोखर पायावर डोकं ठेवलं. त्यांनी माळ थांबवली नाही. दोन दिवसांनी मुलगा झाला, तो रडलाच नाही. मुलगा होता. त्याला परसात पुरून आले त्या दिवशी आत्याबाई माझ्याजवळ बसल्या, केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “तुझ्या मनात पाणी आलं गं. म्हणून देवानं नेला.” हे त्यांनी रागानं नाही, मायेनं सांगितलं. त्यांना ते खरंच वाटत होतं. त्या मायेला मी कधी क्षमा केली नाही.

पंधरा वर्षं मी त्यांचं सोवळं सांभाळलं, त्यांच्या वाती वळल्या, पाय चेपले. उलट शब्द बोलले नाही. गावात मला गुणाची सून म्हणायचे. आणि त्या दुपारी पहिल्यांदा असं झालं की त्या बाईला काहीतरी हवं होतं आणि ते देणं फक्त माझ्या हातात होतं.

“राहू द्या,” मी घाडग्याला म्हणाले. “बघू उद्या.”

“उद्या कशाला? येळ असतीया का अशात?”

“राहू द्या,” मी पुन्हा म्हणाले. त्यानं खांदे उडवले आणि घंटी मारली. कुर्डुवाडी सुटली.

घरी येऊन मी चिठ्ठी चुलीत घातली, हातपाय धुतले आणि आत्याबाईंच्या उशाशी जाऊन बसले. माझी चाहूल लागली तसे त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडं, मग माझ्या मागं दाराकडं बघितलं. मी कुणाला तरी घेऊन आले असेन असं त्यांना वाटलं असावं.

“गंगा?” त्या म्हणाल्या. या वेळी विचारलं.

मी गडू पुढं ओढला, चमचा भरला. डाव्या हातानं त्यांची हनुवटी धरली.

“घ्या,” मी म्हणाले. “गंगा.”

आणि ओतलं. या वेळी त्यांना ओठ मिटता आले नाहीत. पाणी घशाखाली गेलं. त्या माझ्याकडं बघत राहिल्या, आणि मी काय करतेय ते त्यांना कळलं. त्यांचं भान शेवटपर्यंत शाबूत होतं, हे मला त्या नजरेवरून समजलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. उन्हातून आल्यावर गार फरशीवर पाय ठेवावा तसं. तासभर टिकलं ते. मग दिवे लागले, बायका पुन्हा यायला लागल्या आणि मी भिंतीला टेकून नुसती बसून राहिले. कुणीतरी म्हणालं, शालनला जरा झोपू द्या, किती करते सासूचं.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला त्या गेल्या. शेवटचा शब्द तोच होता. भाऊजींनी तो पंचवीस माणसांच्या देखत ऐकला आणि हात जोडले. अंत्ययात्रेला बाजारपेठ बंद होती. सोलापूरच्या पेपरात फोटोसकट छापून आलं, ‘अखेरच्या श्वासापर्यंत गंगानामाचा जप’. आजही आमच्या घरात पितृपक्षात त्यांचं पान वाढताना नातसुनांना हे सांगतात. मी पानावर तूप वाढते.

वन्सं चौथ्या दिवशी आल्या. पेपरात वाचून. एकट्याच होत्या, हातात पिशवी. भाऊजी त्यांना आत घेईनात, पण माणसांसमोर हाकलताही येईना, तेव्हा ओट्याच्या कडेला बसू दिलं. मी चहा घेऊन गेले. पंचावन्नची बाई, पुढचे केस पिकलेले, नाक थेट आत्याबाईंचं. त्यांनी कपबशी घेतली आणि माझ्या चेहऱ्याकडं बघितलं.

“तू शालन ना? सदाची?”

“हो, वन्सं.”

“तूच केलंस म्हणं आईचं सगळं.”

त्यांनी चहा बशीत ओतला. पण प्याल्या नाहीत. बशी हातात तशीच धरून, कुणी ऐकू नये अशा बेतानं त्यांनी विचारलं, “पेपरात लिवलंय, गंगा गंगा म्हणत गेली. खरं हाय?”

“खरं आहे.”

“तू हुतीस जवळ?”

“होते.”

त्यांनी बशी ओट्यावर ठेवली. “कोणती गंगा गं?”

तीस वर्षं रस्त्याच्या पलीकडं उभ्या असलेल्या बाईनं एवढंच विचारलं. खरं सांगायचं तर मग सगळंच सांगावं लागलं असतं. तुम्हाला बोलावलं होतं, हे मला कळलं होतं, चिठ्ठी लिहिली होती, घाडगे तयार होता, गाडी उभी होती. पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच असता, मग का नाही पाठवलीस? त्याचं उत्तर माझ्याकडं होतं. ते त्यांच्या तोंडाकडं बघून देणं मला होईना.

“गडूतली,” मी म्हणाले. “काशीची.”

वन्संनी मान हलवली. दोनतीनदा हलवली, अगदी सावकाश.

“वाटलंच मला,” त्या म्हणाल्या. “माझं येड्यावानी मन. आई कुठली माझं नाव घेतीया.” मग त्यांनी बशीतला गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला, कपबशी स्वतः विसळून पालथी घातली आणि गाडीला निघाल्या.

त्यानंतर त्या सव्वीस वर्षं जगल्या. कुर्डुवाडीतच. भाऊजी गेले, आमचे हे गेले, मला अडवणारं कुणी उरलं नाही. दर दिवाळीला म्हणायचे, या खेपेला जाऊन येऊ. गेल्या माघात त्यांच्या सुनेचा फोन आला, आत्ताच गेल्या म्हणाली. मी म्हटलं, बाई, एवढ्या वर्षांत मला एकदाही यायला जमलं नाही, राग धरू नका.

“राग कशाचा मामी?” ती पोरगी म्हणाली. “आई तुमचं फार नाव काढायच्या. म्हणायच्या, माहेरात माझ्याशी खरं बोललेली एकटी शालनच.”